औली की गुलमर्ग? स्की शिकायला जाताय तर आधी सुट्टीचे दिवस मोजा

स्की शिकायचंय म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, नवशिके असाल तर उत्तराखंडातलं औली, येत असेल तर काश्मीरमधलं गुलमर्ग. अगदीच चुकीचं नाहीये ते, पण सांगणारा फक्त उताराबद्दल बोलत असतो आणि आपली सुट्टी संपते रस्त्यात. मी माझं मत आधीच सांगून टाकते, हातात आठवडाच असेल तर नवशिक्यानेही सरळ गुलमर्ग धरावं, औली त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे दहा-बारा दिवस आहेत आणि ज्यांना फोटोपुरतं नाही तर खरंच शिकायचंय.

का ते बघा. गुलमर्ग श्रीनगरहून जेमतेम पन्नास-साठ किमी, तंगमर्गपर्यंत रस्ता सोपा आणि पुढचा १३ किमीचा घाट. बर्फ ताजा पडलेला असेल तर तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधणं नाहीतर गाडी बदलणं हा सोहळा होतो, रेटवरून घासाघीस होते, तरीसुद्धा सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी गुलमर्गच्या रूममध्ये असतो. औलीला डेहराडूनच्या जॉली ग्रँटला उतरायचं, ऋषिकेश गाठायचं, तिथून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली करत जोशीमठ, म्हणजे अडीचशे किमीच्या आसपास, आणि हे डोंगरातले किमी आहेत, एक्सप्रेसवेचे नाहीत. अख्खा दिवस गाडीत. गाडी लागणाऱ्यांनी तर विचारच करावा. जाऊन-येऊन चार दिवस प्रवासातच गेले की स्कीला उरतं काय?

त्यात जोशीमठ ते औली जो रोपवे होता, साधारण चार किमीचा, ज्याचे फोटो अजूनही प्रत्येक पॅकेजच्या जाहिरातीत असतात, तो जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा बंद केला. त्यामुळे तो धरून प्लॅन करू नका, वर रस्त्यानेच जायचं असं समजून चला. औलीत वर जी चेअरलिफ्ट आहे ती वेगळी, एजंट दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात, नीट विचारून घ्या.

आता औलीची बाजू, कारण ती आहे आणि भक्कम आहे. उतार एकच मोठा आणि मोकळा, साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात, बाजूला देवदार आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगम या तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेचे आठवड्याचे आणि दोन आठवड्यांचे कोर्स असतात, आणि कोर्स केला की रोज तोच उतार, तोच ग्रुप, तोच सर ओरडणारा. शिकण्यासाठी हे कंटाळवाणं रुटीनच लागतं. गुलमर्गला तासावर इन्स्ट्रक्टर घेतला तर पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि प्रत्येकजण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी माणूस बघून सगळे दिवस त्याच्याशीच ठरवायचे, किंवा पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगची संस्था गुलमर्गलाच आहे तिच्या कोर्सच्या तारखा जुळतात का बघायचं.

गुलमर्ग भीतीदायक आहे असं जे म्हणतात ते वरच्या भागाबद्दल. गोंडोलाचे, म्हणजे केबल कारचे, दोन टप्पे आहेत, पहिला कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवटला, जवळजवळ ३,९५० मीटरवर. तिथला पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत, बर्फ बघून जगभरातून लोक येतात. पण ते नवशिक्याचं काम नाही, आणि येत असलं तरी पेट्रोलिंग असलेल्या भागाबाहेर गाइडशिवाय अजिबात जायचं नाही, २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत त्या बाजूला हिमस्खलनात परदेशी स्कीअर गेलेत. नवशिक्याचं गुलमर्ग म्हणजे खालचं मैदान आणि ड्रॅग लिफ्टचे (ही स्कीवर उभ्या माणसाला ओढत वर नेते) छोटे उतार, आणि पहिले चार दिवस तुम्हाला त्याच्यापलीकडे काही लागणारही नाही. बर्फावर उभं राहणं, स्कीची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करून थांबणं, पडून उठणं, बास.

गियर दोन्हीकडे भाड्याने मिळतं आणि दोन्हीकडे बूट घाईत गळ्यात मारतात. घाई करू नका. पायमोजा एकच आणि पातळ, दोन-दोन घालू नका. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जरासा टेकला पाहिजे, गुडघा पुढे वाकवला की तो मागे सरकला पाहिजे, आणि टाच वर उचलली जाता कामा नये. टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

बर्फाची गॅरंटी मात्र कोणाचीच नाही. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं आली होती, तरी २०२५ च्या हिवाळ्यात बर्फ नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा पुढे ढकलल्या, आणि त्याच फेब्रुवारीत गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचंही तेच झालं. फरक इतकाच की गुलमर्गचा सीझन लांब असतो, ते खेळ मार्चमध्ये झाले. औलीला मार्चच्या भरवशावर जाऊ नये, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य पकडा.

बरोबर स्की न करणारी मंडळी असतील, म्हणजे आईबाबा, लहान मुलं, तर गुलमर्ग, प्रश्नच नाही, गोंडोलात बसवून कोंगडोरीला नेता येतं. फक्त स्लेजवाले आणि गाइडवाले मागे लागतात ते खरंच डोक्यात जातं, औलीत त्यामानाने पुष्कळ शांतता. आणि एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरचे काश्मीरला नको म्हणत असतील तर मी वाद घालणार नाही, मग दिवस वाढवा आणि औली करा.

गुलमर्ग ठरलंच तर दोन कामं आधी उरका. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड असलेला एकजण तरी बरोबर हवा. आणि गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, पण शेवटच्या दिवसाची नको, वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात.