दाराची रुंदी मोजतात, जातही विचारतात: कोथरूडच्या एका घरभाडे एजन्सीचा अनुभव

माझी थोरली बहीण व्हीलचेअर वापरते. तिच्यासाठी कोथरूड आणि कर्वेनगर परिसरात भाड्याचे घर शोधताना आम्ही एका एजन्सीची सेवा घेतली. एजन्सीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेला दोष तिच्या एकटीचा नाही.

घर दाखवण्याआधी मोजमाप घेण्याची पद्धत ही या एजन्सीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पुण्यात ‘लिफ्ट आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबून चालत नाही. खाली पार्किंग असलेल्या अनेक इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात, तर जुन्या तीनमजली सोसायट्यांमध्ये बहुधा लिफ्टच नसते. येथील कर्मचाऱ्याने फाटकापासून बाथरूमपर्यंतचा सगळा मार्ग टेपने मोजला, रॅम्पचा उतार तपासला (एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण त्याला ठाऊक होते) आणि चौकट वजा जाता दारात किती जागा उरते तेही लिहून पाठवले. बहुतेक घरे बाथरूमपाशीच बाद झाली. हॉल ऐसपैस असतो, बेडरूम प्रशस्त असतात, पण बाथरूमचे दार जेमतेम अडीच फुटांचे आणि त्यालाही उंबरा. ही माहिती आधीच मिळाल्यामुळे ताईला कोठेही उचलून न्यावे लागले नाही. अनोळखी हातांनी उचलले जाण्याचा अपमान तिने यापूर्वी पुष्कळ सोसला आहे.

नोंदणी अर्जाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. व्हीलचेअरच्या रुंदीचा रकाना ज्या अर्जात आहे, त्याच अर्जात धर्म, जात, आहार आणि वैवाहिक स्थितीही विचारली आहे. ताई अविवाहित आहे आणि एकटी राहणार आहे, एवढ्यावरून चांगला रॅम्प असलेली घरे आमच्या यादीतून गळाली. कारण विचारले तेव्हा ‘मालकांची अट असते, आम्ही काय करणार?’ असे उत्तर मिळाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अपंगत्वाच्या आधारे होणारा भेदभाव मना करतो आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. जात-धर्माच्या बाबतीत मात्र तसे नाही: हा भेदभाव मना करणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि विहिरी यांचा उल्लेख आहे, खासगी भाड्याच्या घराचा नाही. शिवाय सदस्यत्व पारशींपुरते ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवला होता. कायद्यातील ही उणीव एजन्सीने निर्माण केलेली नाही हे मान्य, परंतु जातीचा रकाना छापण्याची सक्तीही तिच्यावर कोणी केलेली नाही. मालकाच्या वतीने ती चाळणी लावण्याचे काम तिने स्वतः पत्करले आहे, आणि दलाली आमच्याकडूनही घेतली आहे.

घर अखेर कर्वेनगरात मिळाले. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाडेकराराच्या, नोंदणीसाठी बायोमेट्रिक यंत्र घरी आणले गेले, हे उत्तम झाले. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी या सेवेकडे जरूर जावे, धर्म आणि जातीचे रकाने कोरे ठेवावेत, आणि एखादे घर यादीतून वगळले तर त्याचे कारण लेखी मागावे. आम्ही मागितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.