ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि पी०१३५ चा छडा

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये बसणारा छोटा डोंगल; गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती तो ब्लूटूथने फोनच्या ॲपवर दाखवतो. तो घेतल्यावर बरेच दिवस त्याला फारसं काम नव्हतं. कूलंटचं तापमान बघायचं, बॅटरीचं व्होल्टेज बघायचं, एवढंच. मग चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोड आला पी०१३५, म्हणजे पहिल्या बँकेतल्या (सिलिंडरच्या रांगेतल्या) पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचं हीटर सर्किट. हा सेन्सर एक्झॉस्टमध्ये असतो आणि गरम झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्यात हीटर. त्याखाली ॲपचा ठसठशीत सल्ला: ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’.

माझा सगळा राग या एका ओळीवर आहे. कोड सर्किटबद्दल बोलतोय. सर्किट म्हटलं की फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, हीटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असे सगळेच आले. मग एकट्या सेन्सरच्या नावाने बिल का फाडायचं? गॅरेजमध्येही हाच कोड वाचून हेच उत्तर मिळालं, मीटर कुणी हातात घेतला नाही. मोजमाप न करता महागडा पार्ट घेणं मला पटत नाही. इंजिन गार झाल्यावर कनेक्टर सोडवला.

चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा, बहुधा पांढऱ्या, हीटरच्या असतात. त्यांच्यात साडेपाच ओहम मिळाले. गाडीप्रमाणे हा आकडा बदलतो, मॅन्युअलमध्ये पडताळून घ्या. माझ्या गाडीसाठी तो बरोबर होता. म्हणजे जो सेन्सर फेकायला सांगितला होता त्याचा हीटर धडधाकट.

मग गाडीकडची बाजू. इग्निशन चालू केल्यावर (काही गाड्यांत इंजिनच चालू असावं लागतं) सप्लायच्या पिनवर साडेबारा व्होल्ट. इथे बरेच जण वायरिंगला क्लीन चिट देऊन ईसीयूवर संशय घेतात. पण मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. मी त्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब मिणमिणला आणि मीटर आठ व्होल्टच्या खाली घसरला. ईसीयूकडे जाणाऱ्या पिनला मात्र असा बल्ब लावू नका.

माझ्या गाडीत दोन्ही सेन्सरचे हीटर एकाच फ्यूजवर आहेत आणि मागच्या सेन्सरचा पी०१४१ आला नव्हता. त्यामुळे फ्यूज आणि रिले सुटले, दोष दोन्ही सेन्सरच्या वायरी जिथे वेगळ्या होतात त्या फाट्याच्या पुढे. टेप उलगडत गेलो. हीट शील्डच्या कडेला घासून वायरचं कव्हर फाटलं होतं, आत तांबं हिरवं पडलेलं, जेमतेम दोन-तीन धागे शिल्लक. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर क्रिंप केली (धातूच्या नळीत दाबून जोडली), वर हीट श्रिंकची नळी चढवली आणि वायर शील्डपासून लांब बांधली. बल्ब लख्ख पेटला.

आणि इथे स्कॅनरबद्दलचं माझं मत बदललं. आधी गार इंजिन सुरू केल्यावर ॲपच्या आलेखात सेन्सरची रेष कितीतरी वेळ ०.४५ व्होल्टजवळ सपाट असायची, कारण सुमारे ३०० अंश सेल्सिअस गाठायला त्याला फक्त एक्झॉस्टच्या उष्णतेचा आधार होता. आता ती लवकरच ०.१ ते ०.९ मध्ये झुलू लागते. कोड उडवून दिव्याची वाट बघत बसण्यापेक्षा हा आलेख बघणं लाखमोलाचं. केवळ त्यासाठी पाचपैकी चार तारे. पाचवा ॲपच्या त्या सल्ल्यामुळे गेला.

डोंगल पोर्टमध्ये कायमचा ठेवू नका. १६ नंबरच्या पिनवर इग्निशन बंद असतानाही बॅटरी असते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ती उतरते.