तीन फुटी टँक, दोन गोल्डफिश आणि नाशिकचे तीन ऋतू: वापरानंतरचा अनुभव

गोल्डफिश घ्यायचा तर फिल्टर कोणता, खाणं कोणतं, औषध कोणतं हे सगळे प्रश्न नंतरचे. आधी विचारायचं ते पाणी किती लिटर. आमच्या सिडकोतल्या घरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक बसवून वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू त्यात दोन मासे ठणठणीत राहिले. टँक घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय.

माप इंचांत ३६ बाय १८ बाय १८. काठोकाठ भरला तर साधारण १९० लिटर, वरची दोन इंच मोकळी सोडल्यावर प्रत्यक्षात १७० च्या आसपास. काच ८ मिलिमीटरची. पाणी, काच, दगड आणि लोखंडी स्टँड मिळून वजन सव्वादोनशे किलोंच्या घरात जातं, म्हणून टँक हॉलच्या मधोमध न ठेवता खालून बीम जातो त्या भिंतीलगत ठेवला. स्टँडची पातळी स्पिरिट लेव्हल लावून तपासली आणि काचेखाली थर्मोकोलचा शीट घातला. एकदा भरलेला टँक हलवता येत नाही, त्यामुळे जागा नक्की करायला आठवडा गेला तरी चालेल. थेट ऊन येणारी खिडकी टाळा. उन्हात पाणी तापतं आणि काच हिरवी होते.

एवढा मोठा टँक कशाला, हे घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. गोल्डफिशला खरं पोट नसतं, घास सरळ आतड्यात जातो. त्यामुळे तो दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो. शिवाय कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. टँकमधले एक प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पाणी जितकं जास्त तितका अमोनिया पातळ होतो आणि जिवाणूंना काम उरकायला वेळ मिळतो. पाच-दहा लिटरच्या गोल बाऊलमध्ये तो वेळच मिळत नाही. त्यात बाऊलचं तोंड अरुंद, म्हणजे हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभागही कमी. इटलीत रोम शहराने २००५ साली गोल्डफिशसाठी गोल बाऊल वापरायला बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं.

‘भांड्याएवढाच मासा वाढतो’ असं दुकानात आजही सांगतात. कृपा करून त्यावर विश्वास ठेवू नका. लहान भांड्यात मासा वाढत नाही कारण त्याचं पाणी खराब असतं आणि त्याची तब्येत खालावलेली असते. साधा लांबट गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, गुबगुबीत शरीराच्या जाती १५ ते २० पर्यंत. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा हा जीव आहे. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला, १९९९ साली गेला. आपल्याकडे गोल्डफिश दोन-तीन महिन्यांत जातो आणि लोक म्हणतात, हे मासे नाजूकच असतात.

आमच्याकडे एक लाल टोपीचा ओरांडा आहे आणि एक ब्लॅक मूर, दोन्ही गोल्डफिशच्याच जाती. मुलीने नावं ठेवली लाडू आणि काजळ. दोघेही गुबगुबीत आणि संथ, म्हणून जोडी जमली. शुबुनकिन किंवा साधा लांब गोल्डफिश या दोघांसोबत ठेवला असता तर खाणं त्यानेच संपवलं असतं. त्या चपळ जातींना चार फुटी टँक किंवा अंगणातला हौदच हवा. गुबगुबीत जातींसाठी पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा एक प्रचलित अंदाज आहे. त्या हिशेबाने आमच्याकडे तिसरा बसेल. पण दोघं वाढताना पाहिल्यावर मला ही मोकळी जागा मोकळीच ठेवायची आहे.

मासे आणण्याआधी, जिवाणू वाढावेत म्हणून टँक माशांशिवायच चालवला. मित्राच्या जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा फिल्टरमध्ये घातला, रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाकलं आणि लिक्विड टेस्ट किटने तपासत राहिलो. महिना-सव्वा महिना लागला. आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं. तोपर्यंत मुलगी रोज शाळेतून आल्यावर विचारायची, “बाबा, आज आणायचे ना?” धीर धरायला सांगणं अवघड गेलं, पण या संपूर्ण वर्षात सर्वांत मोलाचा ठरला तो हाच महिना. टेस्ट किटवर पैसे वाचवू नका. स्वच्छ दिसणारं पाणी चांगलं असतंच असं नाही, अमोनियाला रंग नसतो.

फिल्टर दोन आहेत. एक कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, ताशी हजार लिटरचा, स्टँडच्या कपाटात. दुसरा साधा स्पंज फिल्टर, एअर पंपावर चालणारा. कॅनिस्टर काम चोख करतो, आवाज जवळजवळ नाही. १५ ते २० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला ११ ते १४ युनिट होतात, म्हणजे बिलात फारसा फरक पडत नाही. मात्र त्याची सफाई कंटाळवाणी आहे. पाईप सोडवा, डबा बाथरूमपर्यंत न्या, स्पंज धुवा, परत हवा काढून सुरू करा. स्पंज नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचे.

वीज गेली की कॅनिस्टरची दुसरी बाजू कळते. बंद डब्यातलं पाणी थांबतं, जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, काही तासांनी ते मरायला लागतात. मग वीज आल्यावर तीच घाण टँकमध्ये येते. म्हणून लांबचा खंड पडला की आधी डबा रिकामा करून, स्पंज विसळून मगच सुरू करतो. एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला आहे, त्यामुळे स्पंज फिल्टर कधी थांबत नाही. दोनांपैकी एकच घ्यायचा असेल तर मी स्पंज फिल्टर घेईन, पण मोठा आणि दोन स्पंजांचा.

आता नाशिकचं हवामान. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, १८ ते २४ अंश त्याला मानवतं. जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी खाली. घरातल्या टँकचं पाणी तेव्हा सकाळी १७-१८ अंश दाखवायचं. हीटर लावला नाही, लागलाही नाही. दोघे जरा संथ झाले, म्हणून खाणं निम्मं केलं. माशाला त्रास होतो तो थंडीपेक्षा अचानक बदलाचा. १७० लिटर पाणी रात्रभरात फार तर एक-दीड अंश उतरतं, लहान बाऊल मात्र खोलीबरोबर गार होतो आणि खोलीबरोबर तापतो.

खरी कसोटी मे महिन्याची होती. बाहेर चाळीस, पाणी ३० अंशांवर. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. माशाची गरज वाढते तेव्हाच पाण्यातला साठा घटतो. दोघे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले त्या दुपारी बुडबुडे सोडणारा दुसरा एअर स्टोन सोडला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅन लावला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरलं. फॅनमुळे पातळी भराभर खाली जाते, त्यामुळे रोज भर घालावी लागते. बर्फ टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तो अजिबात मानू नका.

दर रविवारी चार बादल्या पाणी काढतो, जवळपास एक तृतीयांश. पाईपने तळाची घाण खेचत काढायचं. हे पाणी गॅलरीतल्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जातं आणि त्यांना ते मानवलंय. नवीन पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून ठेवतो. मोकळा क्लोरीन दिवसभरात उडून जातो, तरी अँटीक्लोर, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घालतोच. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करायला क्लोरीन जास्त वापरतात, तेव्हा नळाला वास येतो. त्या दिवसांत अँटीक्लोर मोजून घालायचा आणि एकदम जास्त पाणी बदलायचं नाही. बोअरचं पाणी वापरणार असाल तर पीएच आधी बघा. कठीण पाणी गोल्डफिशला चालतं, पण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

तळाला रंगीत खडी घातली नाही. हे मासे तळ चाळत फिरतात आणि बारीक खडा घशात अडकतो. त्याऐवजी मोठे गुळगुळीत काळे दगड ठेवले. आपल्याकडचा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. मात्र या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात, त्यात कॅल्साइट असू शकतो, आणि त्याने पाणी कठीण होतं. लिंबू पिळून बघायचं. फसफसलं तर तो दगड शोकेसमध्ये. झाडांपैकी अनुबियास आणि जावा फर्न टिकले, बाकी सगळं लाडूने फस्त केलं.

खाण्याबाबत घरात एकमत व्हायला वेळ लागला. आईला काचेजवळ येणारे मासे पाहून राहवत नाही. “अरे, लेकरं कशी तोंड वासून बसलीत, दोन चुरमुरे टाकू का?” तिला सांगितलं, आई, ते आत्ताच जेवलेत, आणि काचेजवळ ते दिवसभर असेच येतात. आता रोजचं खाणं छोट्या डबीत काढून ठेवतो, डबी संपली की दिवस संपला. बुडणाऱ्या गोळ्या, त्याही जरा भिजवून. तरंगणारं खाणं खाताना गुबगुबीत मासे हवा गिळतात आणि मग उलटे तरंगू लागतात. काजळला हिवाळ्यात एकदा तसं झालं. दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार. तेव्हा मटार बाजारात ढिगाने होता. तिसऱ्या दिवशी काजळ सरळ पोहायला लागला. डोळे बाहेर असले तरी काजळला नीट दिसत नाही, म्हणून मुलगी त्याच्या तोंडासमोरच दाणे सोडते.

तक्रारीही आहेत. झाकणासोबत आलेला दिवा फारच प्रखर आहे. काचेवर हिरवट थर चढायचा, म्हणून तो आता सहा तासच लावतो. पाणी उडतं तिथे काचेवर पांढरी रेघ बसते, ती व्हिनेगरने पुसावी लागते. काच, झाकण, स्टँड आणि दोन्ही फिल्टर मिळून खर्च माशांच्या किमतीच्या कित्येक पट झाला. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी गोल्डफिश न घेता ४० लिटरच्या टँकमध्ये गप्पी ठेवावेत, गप्पी त्यात आनंदात राहतात. आणि नको झालेला गोल्डफिश गोदावरीत किंवा कुठल्या तळ्यात सोडू नका. तो तिथे तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांची अंडी खातो. मोठा टँक असलेल्या कुणाला तरी देता येतो.

पुढच्या चैत्राआधी बॅटरीवरचा एक एअर पंप घेणार आहे. इन्व्हर्टर बंद पडला तर भर उन्हाळ्यात हाताशी तेवढा हवा. तापमापी आत्ता एकच आहे, दुसरी टँकच्या विरुद्ध टोकाला लावायची आहे.