मीममधून रोजचं इंग्रजी: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि ‘व्हेन यू’चा वैताग

इंग्रजी विनोदाची पानं फॉलो करायची, कळलं नाही ते मीम जपून ठेवायचं, अर्थ शोधून अंकी या उजळणीच्या ॲपमध्ये त्याचं कार्ड करायचं, ही कृती एव्हाना सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती परत सांगत नाही. बरेच महिने वापरल्यावर काय टिकतं, काय गळतं आणि कशाने डोकं फिरतं एवढंच लिहितो.

डोकं फिरवणारी गोष्ट आधी. मीमच्या इंग्रजीत भूतकाळ जवळजवळ नाहीच. कुठलंही पान उघडा: ‘व्हेन यू’, ‘मी व्हेन’, ‘दॅट फीलिंग व्हेन’, आणि पुढे साधा वर्तमानकाळ. ‘व्हेन यू ओपन द फ्रिज अँड फर्गेट व्हाय.’ त्याला कारण आहे. मीम घडलेला प्रसंग सांगत नाही, सगळ्यांच्या ओळखीची सवय दाखवतं. त्यातला ‘यू’ म्हणजे समोरचा माणूस नव्हे, आपल्याकडचा ‘आपण’: आपण फ्रिज उघडतो आणि कशाला उघडला तेच विसरतो. (मराठी मीमवाले याचं ‘जेव्हा तुम्ही’ करतात ते कानाला खडबडीत लागतं, ते याचमुळे.)

तक्रार क्षुल्लक वाटेल, पण परिणाम मोठा आहे. रोजच्या बोलण्यातला मोठा भाग ‘काल काय झालं’ हाच असतो. मीमवर वाढलेला माणूस वाचताना सगळं समजतो आणि कालची गोष्ट सांगायला लागला की क्रियापदापाशी अडतो. फर्गेटचं फर्गॉट, ब्रिंगचं ब्रॉट, कॅचचं कॉट ही रूपं त्याच्या डोळ्यांखालून गेलेलीच नसतात. यावर एकच उपाय चालतो. कार्डाच्या मागच्या बाजूला तोच विनोद ‘काल मी’ असा फिरवून लिहायचा: ‘आय ओपन्ड द फ्रिज अँड फर्गॉट व्हाय.’ खाली एक प्रश्न: ‘व्हाय डिड यू ओपन इट?’ इथे ‘डिड’ आल्यावर ‘ओपन्ड’ परत ‘ओपन’ होतं, तेही हातासरशी पक्कं होतं. हा फिरवाफिरवीचा भाग वगळला तर उरते ती नुसती करमणूक.

आता मत कुठे बदललं ते. सुरुवातीला वाटतं की खरा माल नव्या शब्दांत आहे: रिझ (भुरळ पाडण्याची हातोटी), मिड (सुमार), सस (संशयास्पद), नो कॅप (खोटं नाही). काही महिन्यांत ती कार्डं शिळी होतात. ऑक्सफर्डने २०२२ साली ‘गॉब्लिन मोड’ (लाजलज्जा सोडून आळशी, गबाळं वागणं) हा वर्षाचा शब्द ठरवला, २०२३ साली ‘रिझ’, २०२४ साली ‘ब्रेन रॉट’ (फालतू मजकूर बघून डोकं सडणं). यातला पहिला आज कितीजणांच्या तोंडी आहे ते बघा. ‘ब्रेन रॉट’ तर १८५४ सालच्या छापील इंग्रजीतही सापडतो, म्हणजे नवा म्हणून पाठ करावा असा तो नाहीच. टिकाऊ माल निघतो तो दोन-तीन शब्दांच्या तुकड्यांत, जे कोणी शिकवत नाही. ‘आय ॲम गुड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नको, पुरे’. ‘आय ॲम डाउन’ म्हणजे ‘मी तयार आहे’, पण मध्ये ‘फीलिंग’ आलं की उदास. ‘माय बॅड’ ही किरकोळ चुकीची कबुली, गंभीर प्रसंगी वापरली तर उद्धट दिसते. ‘पर माय लास्ट ईमेल’ दिसतं सभ्य, पण अर्थ ‘आधीच सांगितलं होतं, वाचलं नाहीत का?’ ऑफिसच्या मीममध्ये असे तुकडे पोत्याने मिळतात. पूर्वी ती मीम रटाळ वाटत होती, आता निम्म्याहून जास्त कार्डं त्यांचीच आहेत.

मीम एक गोष्ट कधीच सांगत नाही: हे कोणी कोणाला म्हणायचं. म्हणून प्रत्येक कार्डावर तीनपैकी एक टॅग हवाच: ‘मित्रांत’, ‘कुठेही’, ‘फक्त समजायला’. तिसऱ्यात बरंच काही जातं. ‘ही बी वर्किंग’ सारखी रचना चूक म्हणून हसण्यावारी नेऊ नका. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीत तिला नियम आहे: तो आत्ता काम करतोय असं नाही, तर नेहमी करत असतो. नेटवरचं ‘बी लाइक’ तिथूनच उचललेलं आणि वाकवलेलं. समजून घ्या, नक्कल करू नका.

मुद्दाम मोडलेलं व्याकरण वेगळं ओळखा. २०१३ च्या सुमारास गाजलेल्या डोज या कुत्र्याच्या मीममधलं ‘मच वाव’ विनोदी आहे, कारण ‘मच’ तिथे बसत नाही. ते माहीत असेल तरच हसू येतं. ‘शुड ऑफ’ मात्र विनोद नाही, ती ‘शुड हॅव’च्या उच्चारातून आलेली सरळ चूक आहे आणि मीमभर पसरलेली आहे. ‘नॉट मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात तो उद्योग ‘मी’च करत असतो, आणि ‘सेड नो वन एव्हर’ शेवटी आलं की आधीचं सगळं उलटं वाचायचं.

सेटिंगचं थोडक्यात. अंकी रोज २० नवी कार्डं देतं. तुकड्यांसाठी ती फार होतात, ५ करा. पूर्ण चित्र पुढे ठेवू नका, चित्र बघून उत्तर आठवतं आणि शब्द तसेच राहतात. इमेज ऑक्लूजनने (चित्राचा भाग झाकण्याची अंकीतली सोय) फक्त तो तुकडा झाका. शिकून झालेलं कार्ड आठदा विसरलं की अंकी त्याला लीच (जळू, म्हणजे नुसता वेळ खाणारं कार्ड) ठरवतं. अशा कार्डाशी झगडू नका, पुसा आणि त्याच तुकड्याचं दुसरं मीम शोधा.

अर्थासाठी अर्बन डिक्शनरी एकटी चालत नाही. १९९९ पासूनची आहे, पण कोणीही लिहितं आणि पुष्कळ नोंदी स्वतःच विनोद असतात. मीमचा उगम आणि साल ‘नो युअर मीम’ या साइटवर बघा, वापर केंब्रिज किंवा मेरियम-वेब्स्टरवर, जिथे अनौपचारिक की आक्षेपार्ह असा शेरा असतो. चित्राला आवाज नसतो, त्यामुळे ‘सटल’मधला बी मुका आहे हे कळतच नाही. यूग्लिश या साइटवर शब्द टाकला की तो उच्चारणाऱ्या व्हिडिओंचे तुकडे ओळीने ऐकू येतात. रील्सच्या मजकुरावर विसंबू नका. ॲपच्या नकोशा शब्दांच्या गाळणीतून सुटण्यासाठी तिथे मेलेल्याला ‘अनअलाइव्ह’ लिहितात, आणि ते ऑफिसात कोणी बोलत नाही.

पैशांचं. याच पद्धतीचं एक सशुल्क ॲपही वापरून झालं. त्यात अर्थ पाठ करवतात, भूतकाळ नाही, टॅग नाहीत आणि आपली कार्डं बाहेर काढता येत नाहीत. संगणकावर आणि अँड्रॉइडवर अंकी फुकट आहे (आयफोनवर विकत), तेव्हा दर महिन्याला पैसे मोजायचं कारण दिसत नाही. असं ॲप घेतलं असेल तर नुसतं फोनवरून काढू नका, वसुली चालूच राहते. फोनच्या स्टोअरमध्ये सदस्यत्वांची यादी असते, तिथे जाऊन नूतनीकरणाच्या तारखेआधी रद्द करा.