सोसायटीतल्या डासअळ्यांसाठी बीटीआय की स्फेरिकस?

धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, हे कमिटीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून थेट मातीतल्या या दोन जिवाणूंकडे येतो: बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस) आणि स्फेरिकस (बॅसिलस स्फेरिकस). दोन्ही अळीच्या पोटात गेले तरच काम करतात. त्यांची प्रथिनं तिचं आतडं फोडतात; माणसं, मासे, कुत्री-मांजरी यांना त्रास नाही. कोष काही खात नाही, त्यामुळे तो दोन्हींतून सुटतो.

घाण पाण्यात स्फेरिकस सरस. मेलेल्या अळ्यांमध्ये तो पुन्हा वाढतो आणि गटारात कित्येक आठवडे टिकतो. बीटीआय तिथे गाळाबरोबर तळाशी बसतो. पुण्यात खराडी-मुंढव्याकडे नदीत जलपर्णी माजते, संध्याकाळी दारं लावून घ्यावी लागतात. तिथल्या क्यूलेक्स डासांसाठी मी आजही स्फेरिकसच सुचवेन.

आमची सोसायटी कोथरूडची, जुनी. लिफ्टच्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी, गच्चीवरचे तुंबलेले कोपरे, कुंड्यांखालच्या ताटल्या. हे सगळं डेंग्यूच्या एडिसचं घर, आणि एडिसच्या अळ्यांवर स्फेरिकसचा फारसा परिणाम होत नाही. मग आम्ही दोन्ही आणून ठेवले. खरा वैताग तिथे सुरू झाला. वॉचमनकाका दर वेळी विचारणार, ‘साहेब, इथे कुठली पावडर?’ पावसात चेंबर तुंबून खड्ड्यात पाणी उतरलं की ते स्वच्छ धरायचं की घाण, हे मलाही सांगता येईना. बीटीआय दोन्ही जातींवर चालतो. शेवटी तेवढाच ठेवला आणि प्रश्न मिटला.

त्याचं दुखणं एकच: आठवड्याने पुन्हा टाकावा लागतो. पण पावसाळ्यात एडिस अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवसच घेतो, तेव्हा आठवड्याची फेरी तशीही चुकत नाही. शिवाय 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्हमध्ये सापडल्यापासून इतक्या वापरानंतरही डास त्याला फारसे सरावलेले नाहीत, कारण त्यात एकाऐवजी चार विषारी प्रथिनं मिळून काम करतात. स्फेरिकसला मात्र कोचीतले क्यूलेक्स नव्वदच्या दशकातच दाद देईनासे झाले होते.

तुमची इमारत नाल्याला लागून असेल तर गणित वेगळं असू शकेल. पण 2024 मध्ये आपल्या एरंडवण्यातच झिकाचे रुग्ण सापडले, आणि तो पसरवणाराही एडिसच. एकाच डब्याचे पैसे असतील तर मी ते बीटीआयवर घालीन. डबा कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, आणि ताटल्या मात्र आधी उपड्या करा.