हँडलचा रेडिओ-टॉर्च : अख्खा पावसाळा वापरल्यावर

मध्यंतरी सर्व्हिस सेंटरचा मेल आला. ‘पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.’ खोक्यावर धो-धो पाऊस आणि त्यात हा डबा धरून उभा असलेला हसरा माणूस. ‘पूर, वादळ, भूकंप, सगळ्यात सोबत.’ आणि आतली पांढरी चिकटपट्टी (पाणी लागलं की लाल होणारी) लाल झालीय म्हणून साहेब हात वर करणार!

एकाच डब्यात रेडिओ, टॉर्च, सायरन आणि मोबाईल चार्जर; हँडल फिरवून, सोलरवर किंवा केबलनं चार्ज होतो. बाकी फीचर सोडतो. डब्यावर आयपीएक्स४ छापलंय, म्हणजे शिंतोडे सोसेल. बुडवायचं असेल तर आयपीएक्स७ लागतं, मीटरभर पाण्यात अर्धा तास. मी बुडवला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर होता, जुलैत. कोल्हापूरच्या जुलैत कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. ती हवा सोसत नसेल तर चार खोडून शून्य छापा.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडच्या अंगाला राहणाऱ्याला हा कशाला घेतलास असं कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ. २०१९ ला लाइट गेली, उपसा पंप पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवे बंद. अंगणात पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. तेव्हा फोनची बॅटरी संपली की माणूस आंधळा होतो. बॅटरी असली तर निम्मी ‘धरण फुटलं’ असल्या फॉरवर्डमध्ये जाते.

आता मुख्य तक्रार. चार्जिंगची पिन. जुनी, बारीक, एका बाजूनंच बसणारी. घरातले सगळे फोन सी टाईपचे, शेजारच्या काकूंचा सी टाईप, मेव्हण्याचा इअरफोन सी टाईप. युरोपात २०२४ च्या अखेरीपासून नव्या फोनला सी टाईप सक्तीचं आहे. आणि जी वस्तू नेमकी दुसऱ्याच्या घरी, वरच्या मजल्यावर, रात्री अडीचला चार्ज करावी लागणार, तिलाच जुनी पिन? खोक्यातली केबल वीतभर, डबा भिंतीला लोंबकळतो. ती हरवली की डब्याचं वजन फक्त उरलं. बायको म्हणाली, “अहो, एका केबलीसाठी किती बोलताय?” अगं, पुराच्या पिशवीत एकच केबल हवी, सगळ्याला चालणारी. बाकी टॉर्च किती लांब पडतो, सोलर किती वॅटचं, हे सगळं त्याच्यानंतर. (सोलर म्हणजे मागची बोटभर पट्टी. पावसाळ्यात तिचा उपयोग शोभेला.)

हँडल. मोबाईल चार्ज करायला कुणी हे घेत असेल तर थांबा आणि आकडेमोड करा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. हाताने फिरवून एवढ्याशा डायनामोतून दोन-तीन वॅट निघाले तरी खूप. म्हणजे सहा ते साडेनऊ तास फिरवायचं, तेही मधे काही वाया जात नाही असं धरून. दंड तालमीतल्या गड्यासारखा होईल, फोन नाही भरायचा.

हीच आकडेमोड करून पहिले दोन महिने मी हँडलला नावं ठेवत होतो. मग एका रात्री पाऊस लागला आणि आमच्या गल्लीची लाइट बराच वेळ गेली. डब्याची बॅटरी उतरलेली होती. आईनं हँडल फिरवलं, पाचेक मिनिटं, गप्पा मारत. आणि रेडिओ लागला तो चालूच राहिला. रेडिओला वॅटचा अंशच लागतो, छोट्या एलईडीलाही तसंच. आकाशवाणी कोल्हापूर, १०२.७, आवाज स्वच्छ. आईनं बंदच करू दिला नाही. फोन तिथंच पडून, त्याची बॅटरी ११२ हा मदतीचा नंबर लावायला राखलेली. वरच्या राधानगरी धरणाची सात दारं आपोआप उघडतात, एकेका दारातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. दारं उघडल्याची बातमी काकांच्या ग्रुपवरून ऐकण्यापेक्षा निवेदकाकडून ऐकली की पोटात कमी गोळा येतो. तेव्हा हँडलला पूर्ण मार्क, फक्त रेडिओ आणि उजेडापुरते.

सायरन : एकदा वाजवला. गल्लीतली कुत्री जमली, माणूस एक नाही.

मग डबा अचानक मेला. चार्ज घेईना. सर्व्हिसवाले म्हणाले, मूळ खोक्यात घालून दिल्लीला पाठवा, कुरिअर तुमचं. पाठवला. परत आला तो वर सांगितलेल्या मेलसकट, आणि खोकं फाटलेलं. शेवटी लक्ष्मीपुरीत एका रिपेअरवाल्या मामांकडे नेला. चार स्क्रू काढले आणि म्हणाले, “ह्यात पाणी कुठलं? सेल गेलाय. १८६५० हाय, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असतो तसला. पार उतरू दिला की दगावतो ह्यो.” लिथियमचा सेल अडीच व्होल्टच्या खाली बराच वेळ राहिला की परत उठत नाही. चांगल्या सर्किटनं आधीच करंट तोडायला हवा होता, ह्यानं तोडला नाही. मी गप्प उभा असताना मामाच म्हणाले, “पिन पण बदलू का? सी टाईपचा बोर्ड पडलाय हितं.”

मामा, विचारताय काय!

नवा सेल आणि सी टाईप मिळून कुरिअरच्या खर्चापेक्षा कमी पैसे लागले. आता निम्म्याच्या आसपास चार्ज करून पिशवीत ठेवतो. पूर्ण भरून महिनोनमहिने ठेवला तरी लिथियम लवकर म्हातारा होतो. जूनपासून दर महिन्याला रेडिओ लावून बघतो.

घ्यायचा असेल तर सेल उघडून बदलता येणारा आणि सी टाईपचा बघा, शे-दोनशे जास्त गेले तरी चालेल. माझा हा मॉडेल जसा येतो तसा घेऊ नका.

एक राहिलं. नव्या पिनवर कंपनीचं रबरी झाकण बसत नाही, भोक उघडंच आहे, सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. कोल्हापुरात सी टाईपची सुटी झाकणं कुठं मिळत असतील तर दुकान सांगा.