स्पोर्टस्टर 56के एक्स्टर्नल मोडेम: माळ्यावरून खाली काढाल तर आधी हे वाचा

फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारा यू. एस. रोबोटिक्सचा हा डबा आजही जपून ठेवावा इतका चांगला आहे. त्याच काळातलं, कॉम्प्युटरच्या आत बसणारं स्वस्त मोडेम कार्ड मात्र ठेवू नका. अशा बहुतेक कार्डांना विनमोडेम म्हणत. सिग्नलचं सगळं गणित ती प्रोसेसरवर ढकलतात आणि ड्रायव्हरशिवाय पूर्ण मुकी असतात. स्पोर्टस्टर आपलं काम स्वतः करतो. सिरियल पोर्ट (कॉम्प्युटरचं जुन्या पद्धतीचं 9 किंवा 25 पिनांचं सॉकेट) आणि एटी कमांड, म्हणजे AT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या टाइप करायच्या सूचना, एवढ्यावर तो कुठल्याही मशीनशी बोलतो. ही कमांडची भाषा हेस कंपनीने 1981 च्या स्मार्टमोडेमसाठी बनवली, आणि तिचा गाभा अजून तोच आहे.

कोकणात अशा मोडेमचं वय बघू नका, हवा बघा. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत पंचवीस पावसाळे काढलेला डबा थेट प्लगला लावायचा नाही. आधी उघडा. फोनच्या आरजे-11 सॉकेटातल्या बारीक तारांवर हिरवट थर आला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढा. कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, बुडाशी चिकट ओल आहे का, ते बघा. असेल तर तो कपॅसिटर आधी बदला. मग डबा दोन दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा. पडवीत ठेवू नका.

अॅडॉप्टर हरवलेला असतो, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. याला एसी आउटपुटचा अॅडॉप्टर लागतो. राउटरचा डीसी अॅडॉप्टर पिनेला बसला तरी लावू नका, कारण सिरियल पोर्टला लागणारे अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज हा मोडेम त्या एसीतूनच बनवतो. व्होल्टेज डब्याखालच्या लेबलवर वाचा. केबल 25 पिनांतून 9 पिनांत जाणारी, सरळ जोडणीची घ्या. आतल्या तारा उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबल चालत नाही. लॅपटॉपला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर चालतो, पण त्यात आरटीएस आणि सीटीएस या, 'थांब' आणि 'पाठव' सांगणाऱ्या तारा जोडलेल्या हव्यात. फक्त तीन तारांचा स्वस्त कन्व्हर्टर असेल तर मोठी फाइल मध्येच तुटते.

मागे आठ बारीक स्विच आहेत. 3, 5 आणि 8 खाली, बाकीचे वर. आठवा वर राहिला तर मोडेम कमांड ओळखतच नाही, आणि चांगला मोडेम मेलेला समजून लोक टाकून देतात. पुटी किंवा मिनीकॉम (मोडेमला कमांड टाइप करायचे प्रोग्रॅम) 115200 वेग, 8एन1 आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल या सेटिंगवर उघडा, एटी&एफ1 (AT&F1) द्या, ओके आलं की एटी&डब्ल्यू (AT&W) करून ते जतन करा. आपल्याकडचा डायल टोन या मोडेमला नेहमी ओळखता येत नाही. 'नो डायलटोन' आलं तर एटीएक्स3 द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

ओके येतं, पण डायल करताना रिलेची (लाइन उचलणाऱ्या आतल्या स्विचची) टिकटिक ऐकू येत नाही आणि लाइन उचललीच जात नाही, तर मोडेमचा फोनकडचा भाग विजेने गेलेला असतो. वळवात आणि परतीच्या पावसात असे कितीतरी मोडेम गेले, कारण लोक विजेचा प्लग काढत आणि फोनची तार तशीच ठेवत. वीज त्या तारेतूनच घरात येते. असा मोडेम विकत घेऊ नका.

आता दुसऱ्या टोकाला कोण? 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं, ते मोठ्या शहरांपुरतं; कोकणातून तिथे जोडायचं तर एसटीडी कॉल. आता ती टोकंच उरलेली नाहीत. फायबरवरच्या फोनवर आवाज तुकड्यातुकड्यांच्या पाकिटांतून जातो; तिथे मोडेम लावला तर ती पाकिटं मागेपुढे होतात आणि जोडणी टिकत नाही. म्हणून एकटा घेऊ नका, जोडी घ्या आणि दोघे एकमेकांना जोडा. फोनच्या वायरीतल्या मधल्या दोन तारांपैकी एक सरळ जोडा, दुसऱ्या तारेत 9 व्होल्टची बॅटरी आणि 330 ओहमचा रेझिस्टर ओळीने टाका. ही वायर भिंतीतल्या फोन लाइनला कधीच लावायची नाही. एका मोडेमला एटीएक्स3डी (फोन लाव) द्या, दुसऱ्याला एटीए (फोन उचल).

मग तो आवाज येतो. पहिली लांब शीळ 2100 हर्ट्झची. ती उत्तर देणाऱ्या मोडेमची, आणि दर 450 मिलिसेकंदाला ती उलटते, म्हणजे दूरच्या लाइनवरचे प्रतिध्वनी रोखणारे यंत्र बंद पडावेत. नंतर थोडी गुरगुर, त्यात दोघे आपल्याला काय काय येतं ते सांगतात. त्यानंतरचा भरलेला सूर म्हणजे 150 पासून 3750 हर्ट्झपर्यंतचे 21 स्वर एकदम. पलीकडचा मोडेम त्यातले कुठले स्वर पोचले आणि कुठले दमले ते मोजतो. मृग लागला की फोन लाइनच्या जॉइंटात पाणी शिरे, वरचे स्वर दबत आणि वेग उतरे, तो याच मोजणीमुळे. शेवटची खरखर ही सरावाची, त्यात दोघे एकमेकांच्या सिग्नलशी जुळवून घेतात. एटीएम1 ठेवा, म्हणजे जोडणी होईपर्यंत स्पीकर चालू राहतो.

अशा जोडीत 56के, म्हणजे सेकंदाला 56,000 बिटांचा वेग, मिळत नाही. त्यासाठी पलीकडचं टोक थेट डिजिटल लागतं, जे सेवा देणाऱ्या कंपनीकडे असायचं. इथे त्याआधीच्या व्ही.34 या मानकाचे सेकंदाला 33,600 बिट मिळतात, म्हणजे एक एमबीला सुमारे चार मिनिटं. जोडणी तोडल्यावर एटीआय6 द्या. त्यात ब्लर्स (चुकून आलेले डेटाचे तुकडे) आणि रीट्रेन (सराव पुन्हा करावा लागल्याच्या वेळा) शून्याजवळ असतील तर दोन्ही मोडेम निरोगी आहेत. आकडे चढत असतील तर आधी बॅटरी बदला, मग सॉकेट पुन्हा पुसा, आणि तरीही चढलेच तर एटी&एन14 (AT&N14) देऊन वेग 28,800 वर बांधा.